चव्हाटा, तिठा आणि बंद गल्ली : विस्तारणाऱ्या नगरांची अंतर्गत जोडणी

‘चव्हाट्यावर आणणे’ या वाक्प्रचाराचे मूळ नगररचनेत आहे. चार वाटा जेथे मिळतात तेथे चारही दिशांची माणसे येतात, म्हणून झाकलेले तेथे उघडे पडते. मराठीने चव्हाटा, तिठा व बंद गल्ली यांत जो भेद केला, तोच आज नगरविस्ताराचे अभ्यासक मोजतात. एका बिंदूपासून किती वाटा फुटतात? चव्हाट्यापासून चार, तिठ्यापासून तीन, बंद गल्लीच्या टोकापासून एक. ही सरासरी जितकी कमी, तितकी वस्तीची जोडणी दुबळी. केवळ क्षेत्रफळ किंवा लोकवस्तीची घनता पाहून ही गोष्ट कळत नाही. पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन घरांमध्येही रस्त्याने मैलभराचे अंतर असू शकते.

या बदलाचा सर्वांत स्पष्ट इतिहास अमेरिकेचा आहे. १८११च्या आराखड्याने मॅनहॅटनवर काटकोनी रस्त्यांचे जाळे आखले. १९२९मध्ये न्यू जर्सीतील रॅडबर्न येथे क्लॅरेन्स स्टाइन व हेन्री राइट यांनी घरे बंद गल्ल्यांभोवती मांडली. मोटारींपासून मुलांना जपावे, हा त्यामागील हेतू मानवीय होता, आणि तेथे पादचाऱ्यांसाठी स्वतंत्र वाटाही होत्या. पुढील अनुकरणांनी बंद गल्ली घेतली आणि पाऊलवाट बहुधा वगळली. बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल यांच्या २०१५च्या अभ्यासानुसार अमेरिकेत नव्या रस्त्यांची जोडणी घटत जाऊन १९९४च्या सुमारास तळाला पोचली व नंतर सुधारू लागली.

येथे ‘नव्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. घर पाडून पुन्हा बांधता येते. रस्त्याची रेषा मात्र मालमत्तेच्या सीमांत गोठते. १६६६च्या आगीनंतर रेनचा नवा आराखडा बाजूला पडून लंडन बहुतांशी जुन्याच रस्त्यांवर उभे राहिले. त्यामुळे वाढीच्या काळात जी आखणी होते, ती पुढील अनेक पिढ्यांच्या वाट्याला येते. याच अभ्यासकांनी २०२०मध्ये केलेल्या जागतिक पाहणीत अनेक प्रदेशांत ही जोडणी घटत असल्याचे आढळले. कुंपणबंद गृहसंकुले ही त्याची एक ठळक खूण होय.

बंद गल्लीलाच दोषी ठरविणे मात्र घाईचे होईल. शहाजहानाबादचे कूचेही एका टोकाला बंद असत व रात्री त्यांची दारे लागत. परंतु थोड्याच पावलांवर बाजार असे. आजच्या संकुलाची भिंत लांब असते. घरकामासाठी पलीकडच्या वस्तीतून पायी येणाऱ्या स्त्रीला तिला वळसा घालावा लागतो. मोटारीतील रहिवाशाला तो जाणवतही नाही.

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात नगर हे बहुधा गर्दी, एकाकीपण, स्थलांतर या अंगांनी वाचले जाते. रस्त्यांच्या जोडणीकडे त्या मानाने कमी लक्ष जाते. भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’मधील (१९६५) नाका ही केवळ पार्श्वभूमी नव्हे. पोरांचे टोळके तेथे उभे राहू शकते, ये-जा करणारे त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत, आणि यातूनच कथनाला पात्रे व प्रसंग मिळतात. ज्या उपनगराला एकच फाटक आहे तेथील कथेत अनोळखी व्यक्ती कशी शिरते, रखवालदाराच्या नोंदवहीतून की अन्य मार्गाने, हे वेगवेगळ्या भाषांतील अलीकडच्या कादंबऱ्या शेजारी ठेवून तपासता येण्याजोगे आहे.