शंभर बियांवर किती भरवसा ठेवायचा?

मृगाच्या तोंडावर कृषी विभागाचं आवाहन ठरलेलं: घरचं सोयाबीन पेरण्याआधी उगवण तपासा. हिंगोली, सेनगाव, कळमनुरीकडे हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन उगवलंच नाही आणि औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, हे लोक विसरलेले नाहीत.

ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर बिया मांडायच्या, गुंडाळी करून सावलीत ओलसर ठेवायची, आठवडाभरात कोंब मोजायचे. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बियाणं. पासष्टच निघाले तर सव्वाबत्तीसच्या आसपास.

माझा आक्षेप शंभर या आकड्याला आहे. बियाण्याची खरी उगवण ७० टक्के असली तरी गोणपाटात ६१ पासून ७९ पर्यंत काहीही निघू शकतं. ६५ किंवा त्याहून कमी कोंब येण्याची शक्यता द्विपद वितरणाने काढायची तर ६६ पदांची बेरीज करावी लागते. गणितज्ञ द म्वाव्र यांनी १७३३ मध्ये या कष्टातून सुटका केली. सरासरी ७०, प्रमाण विचलन ४.५८, की पुढचं काम प्रसामान्य वक्र करतो. उगवणाऱ्या ७० आणि न उगवणाऱ्या ३०, दोन्ही आकडे पुरेसे मोठे असल्याने हा अंदाज इथे चालतो. मात्र ६५ ऐवजी ६५.५ धरायचं, कारण बिया पूर्णांकात मोजतात आणि वक्र सलग असतो. उत्तर येतं १६ टक्के. तो अर्धा विसरला तर १४.

उलटी चूक जास्त महागात पडते. खरी उगवण ६५ टक्केच असलेलं बियाणं शंभराच्या चाचणीत सत्तरी गाठण्याची शक्यता १७ टक्के आहे. ४०० बिया घेतल्या तर २८० कोंब निघण्याची शक्यता जेमतेम दोन टक्के उरते. बीज परीक्षण प्रयोगशाळेत ४०० बियांचाच नियम आहे. मग शेतकऱ्याला शंभरच का सांगायच्या? आवाहनात चार गुंडाळ्या लिहायला हव्यात.

हे गणित प्रत्येक बी स्वतंत्र धरतं. सोयाबीनचं टरफल पातळ. मळणीयंत्र जोरात फिरलं किंवा पोतं उंचावरून आपटलं की त्या पोत्यातलं बी एकदमच मार खातं. म्हणून प्रत्येक पोत्यातून, वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ काढून मिसळावी आणि बिया न निवडता मोजाव्यात. टपोऱ्या तेवढ्या वेचल्या तर चारशेही उपयोगाच्या नाहीत.