वारंवार आजारी पडणारे मूल

पावसाळ्यात वर्गातील बरीच मुले खोकत असतात. तो फारसा चिंतेचा विषय नव्हे. परंतु एखाद्याच मुलाला वर्षातून दोनदा न्युमोनिया होतो, कान सतत वाहतो, गळवे बरी होऊन पुन्हा उठतात. अशा मुलास ‘नाजूक प्रकृतीचे’ म्हणून आपण सोडून देतो. क्वचित प्रसंगी मात्र त्याच्या ठायी रोगप्रतिकारशक्तीचीच जन्मजात उणीव असते.

१९५२ साली अमेरिकेतील ऑग्डेन ब्रुटन या लष्करी डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. चार वर्षांत त्यास १९ वेळा गंभीर जंतुदोष झाला होता. तपासणीत त्याच्या रक्तद्रवात गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे जंतूंचा प्रतिकार करणारा अंश, आढळलाच नाही. तो बाहेरून टोचून दिल्यावर मुलाचे दुखणे आटोक्यात आले.

दुसऱ्या एका प्रकारात रक्तातील पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, पण त्यांना मारू शकत नाहीत. येथे जंतूचे नावच रोगाचा माग दाखविते. कांदा कुजविणारा बर्कहोल्डेरिया सेपेशिया नावाचा एक जंतू आहे. धडधाकट माणसास तो सहसा बाधत नाही. (आपल्या कांद्याच्या चाळींजवळ वावरणाऱ्यांनी भिण्याचे कारण नाही.) तोच जंतू एखाद्या मुलाच्या फुप्फुसात सापडला, तर केवळ औषध देऊन न थांबता त्या मुलाच्या पांढऱ्या पेशी तपासणे अगत्याचे ठरते.

या दोन्ही व्याधी पुष्कळदा आईकडून मुलग्यांकडे येतात. आई स्वतः बहुधा निरोगी असते. म्हणून मुलाचा एखादा भाऊ अथवा मामा लहानपणी दगावला होता काय, हे हलक्या शब्दांत विचारावे. त्यावरून आईस बोल लावणारे घरात निघतातच. शिक्षकाने त्यांत भर घालू नये.

रोगनिदान हे शिक्षकाचे काम नव्हे. तथापि कोणते मूल किती वेळा व कशाने अंथरुणास खिळले, हे हजेरीपत्रकाइतके अन्यत्र कोठे लिहिलेले नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा त्या नोंदी वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवाव्यात. या व्याधींच्या विशेष तपासण्या मुंबईत परळ येथील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतात. पू किंवा रक्त तपासल्याचा कागद पालक पुष्कळदा टाकून देतात. तो जपून ठेवण्यास त्यांना आवर्जून सांगावे, कारण जंतूचे नाव त्यावरच असते.