गुरांचा लम्पी त्वचारोग : ओळख व प्रतिबंध

लम्पी हा गाईबैलांचा विषाणुजन्य सांसर्गिक रोग होय. त्याचा विषाणू शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या विषाणूंचा निकटचा आप्त आहे. आजच्या झांबियात १९२९ साली हा रोग प्रथम आढळला. भारतात २०१९ साली ओडिशात त्याची नोंद झाली व २०२२ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मोठी साथ आली. म्हशींना त्याची बाधा कमी होते. माणसांना हा रोग होत नाही.

लक्षणे : प्रथम डोळ्यांतून व नाकातून पाणी वाहते आणि ताप भरतो. पुढे मान, पाठ, कास इत्यादी भागांवर घट्ट, गोल गाठी येतात. पाय सुजून जनावर लंगडते, चारा कमी खाते व दूध आटते. गाभण गाय गाभडण्याचाही संभव असतो. बहुतेक जनावरे बरी होतात. परंतु लहान वासरे व अशक्त गुरे दगावू शकतात. ऐन पेरणीत बैल महिनाभर बसून राहिला तरी होणारे नुकसान थोडे नसते.

प्रसार : डास, चावणाऱ्या माशा व गोचीड हे रोगाचे मुख्य वाहक आहेत. म्हणून पावसाळ्यात रोग बळावतो. माशी जवळच्या गोठ्यांत रोग नेते. दूरच्या गावी मात्र तो बाजारातून आणलेल्या जनावराबरोबर जातो. गळून पडलेल्या खपलीतही विषाणू महिनाभर तग धरतो.

उपाय : विषाणू मारणारे खात्रीचे औषध नाही. पशुवैद्य जी औषधे देतात ती ताप उतरविण्यासाठी व जखमा चिघळू नयेत म्हणून असतात. खरे संरक्षण लसीचेच. २०२२ च्या साथीत गुरांना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. शेजारी रोग आल्यावर केलेली धावपळ म्हणूनच अपुरी पडते. निरोगी गुरांना पावसाळ्यापूर्वीच लस टोचून घ्यावी व प्रत्येक जनावरास नवी सुई वापरावी.

शेतकऱ्यांनी पुढील दक्षता घ्यावी :

१. आजारी जनावर त्वरित वेगळे बांधावे. त्याचे चारापाणी निराळे ठेवावे.

२. नवे जनावर चार आठवडे कळपात मिसळू नये.

३. गोठा कोरडा ठेवावा. शेण व सांडपाणी साचू देऊ नये आणि गोचिडांचा नाश करावा.

४. मृत जनावर उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे.

५. दूध उकळूनच प्यावे.

गाठी दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. बाजारबंदीच्या भीतीने रोग लपविणारा शेतकरी स्वतःचे व साऱ्या गावाचे पशुधन धोक्यात घालतो. ग्रामसेवकांनी ही गोष्ट घरोघर पटवून द्यावी.