पर्यावरण व नैसर्गिक संसाधन कायद्याचे विद्यापीठीय अध्ययन

पर्यावरण व नैसर्गिक संसाधन कायद्याचे विद्यापीठीय अध्ययन ही विधी शिक्षणाची एक शाखा असून तिच्यात प्रदूषण, वने, पाणी, खनिजे, वन्यजीव व किनारपट्टी यांसंबंधीच्या कायद्यांचे अध्यापन व संशोधन होते. ही शाखा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने अमेरिकेतील विद्यापीठांत आकारास आली. विधी प्राध्यापकांचे लेखन बहुधा ग्रंथालयातच राहते. या शाखेतील काही लेख मात्र थेट न्यायालयांच्या निकालपत्रांत पोहोचले. त्यांत भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचाही समावेश आहे.

स्वरूप

संसाधन कायदा हा यातील जुना भाग होय. खाण कोणी खणावी, नदीचे पाणी कोणी व किती उचलावे, जंगलातील लाकडावर हक्क कोणाचा, हे त्याचे प्रश्न. अमेरिकेचा १८७२ चा खाण कायदा आणि भारताचा १९२७ चा वन अधिनियम याच परंपरेतील आहेत. पर्यावरण कायदा नंतरचा असून घेण्याच्या हक्काला मर्यादा कोणती, हा त्याचा मुख्य प्रश्न आहे. हे दोन्ही विषय वेगळे शिकवले जात असले तरी प्रत्यक्षात ते एकमेकांत मिसळतात. ‘दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ (२०१२) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाळूसारख्या गौण खनिजांच्या पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली, ती याच कारणाने.

सार्वजनिक विश्वस्त सिद्धान्त

मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ सॅक्स यांनी १९७० मध्ये ‘मिशिगन लॉ रिव्ह्यू’ या नियतकालिकात सार्वजनिक विश्वस्त सिद्धान्तावर लेख लिहिला. हवा, वाहते पाणी, समुद्र व त्याचा किनारा सर्वांचे आहेत, ही रोमन कायद्यातील कल्पना त्याच्या मुळाशी होती. इलिनॉय राज्याने १८६९ मध्ये शिकागोलगतच्या सरोवराचा हजार एकरांहून मोठा तळ एका रेल्वे कंपनीस दिला आणि चार वर्षांनी ते दान रद्द केले. हे रद्द करणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९२ मध्ये वैध ठरवले होते. असे जुने निकाल एकत्र करून, शासन या संपत्तीचे मालक नसून विश्वस्त आहे व नागरिकांना त्याबद्दल न्यायालयात जाता येते, असे सॅक्स यांनी मांडले. त्याच वर्षी त्यांनी मसुदा केलेला, कोणाही नागरिकास दावा करण्याची मुभा देणारा कायदा मिशिगन राज्याने संमत केला.

भारतात हा सिद्धान्त ‘एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ’ या प्रकरणात आला. हिमाचल प्रदेशात कुलू-मनाली परिसरात बियास नदीकाठची, वनजमिनीचा समावेश असलेली जमीन एका मोटेलला भाडेपट्ट्याने दिली गेली होती. पुरापासून इमारत वाचावी म्हणून यंत्रे लावून नदीचा प्रवाहच वळवण्यात आला. १३ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सॅक्स यांच्या लेखातील विस्तृत उतारे देऊन हा सिद्धान्त भारतीय कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले आणि पट्टा रद्द केला. आदल्याच दिवशी त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने गोदावर्मन प्रकरणात ‘वन’ या शब्दाचा व्यापक अर्थ लावला होता.

वृक्षांचे वादित्व

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ख्रिस्टोफर स्टोन यांनी १९७२ च्या लेखात वृक्षांना न्यायालयात उभे राहण्याचा हक्क असावा का, असा प्रश्न विचारला. मालमत्ता कायद्याच्या तासाला विद्यार्थ्यांचे लक्ष उडालेले पाहून ही कल्पना आपण ऐनवेळी मांडली, असे त्यांनीच पुढे नमूद केले. ‘सिएरा क्लब विरुद्ध मॉर्टन’ खटल्यात न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी आपल्या भिन्नमतात या लेखाचा आधार घेतला. भारतात उत्तराखंड उच्च न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये गंगा व यमुना यांना विधिमान्य व्यक्ती ठरवले. त्या आदेशास सर्वोच्च न्यायालयाने जुलैमध्ये स्थगिती दिली.

विधी क्लिनिक व वाद

अमेरिकेत प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी प्रत्यक्ष खटले चालवतात, त्यास विधी क्लिनिक म्हणतात. पक्षकार गरीब आणि प्रतिपक्ष बलाढ्य असला की वाद विद्यापीठापर्यंत येतो. लुइझियाना राज्यातील कॉन्व्हेंट या गावी शिनटेक कंपनीने पीव्हीसीचा कारखाना योजला, तेव्हा प्रामुख्याने कृष्णवर्णीय असलेल्या रहिवाशांची बाजू ट्युलेन विद्यापीठाच्या क्लिनिकने घेतली. राज्यपाल माइक फॉस्टर यांनी विद्यापीठावर उघड टीका केली. १९९८ मध्ये कंपनीने ती जागा सोडली. मात्र त्याच वर्षी लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या वकिलीचे नियम कडक केले आणि कोणाची बाजू घेता येईल यावर उत्पन्नाची अट घातली. या नियमांना दिलेले आव्हान संघीय अपील न्यायालयाने २००१ मध्ये फेटाळले.

भारतातील अध्यापन

सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिलेल्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर आणण्याची प्रक्रिया सुरू झाली; पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयात पर्यावरण कायद्याचे संशोधन केंद्र १९९७ मध्ये स्थापन झाले. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत पर्यावरण कायदा हा अनिवार्य विषय आहे.

मात्र ट्युलेनसारखे क्लिनिक येथे शक्य नाही. वकिलीचा हक्क नोंदणीकृत वकिलांपुरताच असून पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्यास सामान्यतः वकिली करता येत नाही. त्यामुळे विद्यार्थी आणि पूर्णवेळ प्राध्यापक दोघेही न्यायालयात दुसऱ्याची बाजू मांडू शकत नाहीत. राष्ट्रीय हरित अधिकरणासमोर अर्जदारास स्वतः उपस्थित राहता येते. महाराष्ट्र, गोवा व गुजरात ही राज्ये त्याच्या पुणे येथील पश्चिम क्षेत्रीय पीठाच्या कक्षेत येतात.