लांडग्याच्या पिल्लाचं रंगवायचं चित्र: फोटोवरून रेघांचं पान घरच्या घरी कसं बनवायचं?

मागच्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या भाचीला लांडग्याचं पिल्लू रंगवायचं होतं. मी नेटवर शोधलं, पहिलं बरं दिसलेलं पान छापलं आणि दिलं. पानावर बर्फ, मागे सूचिपर्णी झाडं आणि कापसासारखी फुगलेली फर. तिनेही मग पांढरा, राखाडी आणि निळा खडू उचलला.

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, ते पान हातात घेतलं. अण्णा करमाळ्याकडच्या माळरानावर वाढलेले. म्हणाले, "हे कुठलं रे? आपल्याकडचं पिल्लू मातकट, काळपट असतं. गवतात बसलं तर शेजारून गेलास तरी दिसायचं नाही."

भाची लगेच म्हणाली, "मग मामा, मला तसलं दे ना!"

वाटलं होतं दहा मिनिटांचं काम आहे. तीन संध्याकाळी गेल्या. तुमच्या वाचाव्यात म्हणून काय चुकलं आणि शेवटी काय जमलं, ते सगळं सांगतो.

एका क्लिकचं पान का फसतं?

'फोटो टाका, रंगवायचं पान मिळवा' अशा साइट्स भरपूर आहेत. त्यातल्या एकीवर मी माळावर बसलेल्या पिल्लाचा फोटो टाकला. पानावर गवताची काडी न् काडी आली, खडे आले, सावल्या आल्या. पिल्लाचे मात्र फक्त दोन डोळे आणि अर्धा कान!

याचं कारण समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. अशा साध्या साइट्समागे बहुतेक वेळा 'एज डिटेक्शन' नावाची पद्धत असते. म्हणजे कडा शोधणं. कृष्णधवल फोटोतला प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, हा एक आकडा असतो: 0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा. प्रोग्राम शेजारच्या ठिपक्यांची वजाबाकी करत जातो. फरक मोठा आला की तिथे कड आहे असं समजून रेघ मारतो. जॉन कॅनी यांनी 1986 मध्ये मांडलेली पद्धत आजही खूप वापरली जाते. तिच्यातही आधी फोटो थोडा धूसर करतात, मग हा फरक मोजतात आणि शेवटी कच्च्या रेघा गाळतात.

आता आपलं पिल्लू घ्या. समजा त्याच्या पाठीचा ठिपका 118 आहे आणि मागच्या मातीचा 121. फरक फक्त 3, म्हणून रेघ नाही. पण उन्हातली वाळलेली काडी 210 आणि तिची सावली 60. फरक 150, म्हणून जाड रेघ. प्रोग्रामला लांडगा माहीतच नाही, त्याला फक्त उजेडातला फरक कळतो. ज्या रंगामुळे पिल्लू माळावर नजरेतून सुटतं, त्याच रंगामुळे ते प्रोग्रामच्या हातूनही निसटतं. अण्णांनी जे सांगितलं, तेच ही साइट मला वेगळ्या भाषेत सांगत होती.

मग चित्र बनवणाऱ्या एका एआय टूललाही मी सांगून पाहिलं. रेघा सुरेख आल्या, पण पुन्हा तोच बर्फ आणि हस्कीसारखा चेहरा. वर एका पायाला बोटं जास्त. शिकताना जशी चित्रं जास्त पाहिली, तसंच ते पुन्हा काढून देणार.

आधी फोटो नीट निवडा

- पिल्लू आणि मागची जमीन यांच्या रंगात फरक हवा. पिल्लाच्या मागून ऊन येत असेल तर अंगाच्या कडेला उजळ रेघ दिसते. असा फोटो उत्तम.
- फोटो मोठा हवा. ए4 पान 300 डीपीआयला छापायचं तर 2480 × 3508 पिक्सेल लागतात. लांब बाजू 1600 पिक्सेल असलेला फोटो तेवढ्याच बारकाईने छापला तर जेमतेम साडेतेरा सेंटीमीटर होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवताना तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो लहान होऊन येतो.
- परवाना बघा. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक फोटोखाली तो लिहिलेला असतो. 'सीसी बाय-एसए' असेल तर फोटोवरून काढलेलं चित्र वाटताना फोटोग्राफरचं नाव द्यायचं आणि चित्रालाही तोच परवाना ठेवायचा. परवान्यात 'एनडी' ही अक्षरं असतील तर फोटोत बदल करून वाटायला परवानगी नसते.

आणि एक विनंती. फोटोसाठी लांडग्याचं बिळ शोधत जाऊ नका. कुणाकडून बिळाजवळचा फोटो मिळालाच तर तो पुढे पाठवू नका. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. देशात भारतीय लांडगे तीन हजारांच्या आसपासच उरलेत.

पान बनवायच्या पायऱ्या

मी जिम्प हा मोफत प्रोग्राम वापरला. लेयरची सोय असलेल्या कुठल्याही मोबाइल अ‍ॅपमध्येही हेच करता येतं.

1. फोटो उघडा आणि त्याची अपारदर्शकता, म्हणजे ओपॅसिटी, 40 टक्क्यांवर आणा. त्याच्या खाली एक पांढरा लेयर ठेवा. फोटो फिका दिसू लागेल.
2. फोटोच्या वर एक नवा पारदर्शक लेयर घ्या. सगळं रेखाटन याच लेयरवर.
3. ब्रश 12 पिक्सेलचा घ्या. 300 डीपीआयला तो छापल्यावर साधारण 1 मिलिमीटर भरतो. मूल तीन-चार वर्षांचं असेल तर 20 ते 24 पिक्सेल घ्या, म्हणजे खडू रेघेबाहेर गेला तरी चित्र बिघडलेलं वाटत नाही.
4. आधी बाहेरची आकृती गिरवा: डोकं, पाठ, शेपूट, पाय. जिथे कड दिसत नाही तिथे अंदाज आपणच करायचा. प्रोग्रामला जमलं नाही ते काम हेच.
5. मग डोळे, नाक, तोंड आणि कानांच्या आतली रेघ. फर दाखवायला मान, गाल आणि शेपटीच्या टोकाला तीन-चार तुटक फटकारे पुरे. प्रत्येक केस काढत बसलात तर रंगवायला जागाच उरणार नाही.
6. फोटोचा लेयर लपवा. पांढऱ्यावर नुसत्या रेघा उरल्या की पीएनजी म्हणून साठवा. जेपीजीमध्ये रेघांच्या कडेला करडे डाग येतात.

कागदावर पेन्सिलने काढणं सोपं वाटत असेल तर तसंही करा. चित्र काळ्या पेनने पक्कं करा, चांगल्या उजेडात फोटो काढा आणि जिम्पच्या 'कलर्स' मेनूतलं 'थ्रेशोल्ड' वापरा. ठरवलेल्या आकड्याच्या वरचं सगळं पांढरं होतं, खालचं सगळं काळं. कागदाची सावली निघून जाते. त्याच चित्राचं पोस्टर करायचं असेल तर इंकस्केपमध्ये 'ट्रेस बिटमॅप' करून एसव्हीजी बनवा. त्यात ठिपके नसतात, रेघांची गणितं असतात, त्यामुळे कितीही मोठं केलं तरी कड फाटत नाही.

टॅबवर रंगवणार असाल तर रेघ बंद हवी

टॅबवर रंगाची बादली टाकली की एका ठिपक्यापासून रंग शेजारी पसरत जातो आणि रेघ लागली की थांबतो. रेघेत एका पिक्सेलची फट असली तरी रंग बाहेर सांडतो. माझ्या पहिल्या चित्रात कानाला रंग दिला आणि अख्खं आभाळ तपकिरी झालं! भाची खूश, मी हैराण. म्हणून प्रत्येक भागात एकदा बादली टाकून फटी शोधा आणि बुजवा. जिम्पच्या बादलीत 'लाइन आर्ट' ओळखून भरण्याचा पर्यायही आहे, तो लहान फटी आपोआप बुजल्या असं धरतो. मुलांच्या साध्या अ‍ॅपमध्ये मात्र ही सोय असेलच असं नाही.

छापताना

इंकजेटच्या अनेक शाया पाण्याने पसरतात. मूल वॉटरकलर वापरणार असेल तर एक प्रिंट काढा आणि तिची झेरॉक्स घ्या. झेरॉक्समधली काळी पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते, ती पाण्याने सुटत नाही.

रंग कोणते सुचवायचे?

भारतीय लांडग्याचं पिल्लू जन्मतः गडद, काजळी मिसळल्यासारखं तपकिरी असतं. छातीवर दुधी ठिपका असतो, तो पुढे नाहीसा होतो. डोळे पहिले काही आठवडे निळसर असतात, मग पिवळट होत जातात. अगदी लहान असताना कान दुमडलेले आणि तोंड आखूड असतं. मागे बर्फ नको, वाळलेलं गवत आणि एखादी बाभूळ पुरे. सोलापूरजवळच्या नान्नजचा किंवा इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीचा माळ साधारण असाच आहे.

शेवटी पान तयार झालं. भाचीने पिल्लू तपकिरी रंगवलं, गवतही तपकिरी रंगवलं. लांबून पाहिलं तर दोन्ही एकच दिसत होतं. मी म्हटलं, "अगं, पिल्लू दिसतच नाही."

अण्णा म्हणाले, "आता बरोबर झालंय."