पालिकेचा उमेदवार दारात आला की काय विचाराल?

पालिकेची निवडणूक जवळ आली की आपल्या वाड्यावर उमेदवारांची रीघ लागते. जो तो सांगतो, "एलईडीवाल्यांना बंद पाडतो, डिझेलची सवलत लवकर काढून देतो, नवी जेटी बांधतो." ऐकायला बरे वाटते. पण यातले एकही काम नगरसेवकाच्या हातात नसते, म्हणून हे लिहीत आहोत.

किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याकडे, त्यापलीकडची केंद्राकडे. एलईडीवर केंद्राने 2017 सालीच बंदी घातली, अडले आहे ते अंमलबजावणीत. डिझेलची सवलत मच्छीमारी खात्याकडून येते. मुरगाव बंदराच्या हद्दीतले काम बंदर प्राधिकरणाचे. मालीम जेटी तर मांडवीपलीकडे बार्देशात, तिथे पणजीचा नगरसेवक काय करणार? राज्यघटनेत पंचायतींच्या विषयांच्या यादीत मत्स्यव्यवसाय आहे, पालिकांच्या 18 विषयांत मात्र नाही.

मग पालिका आपल्या कामाची नाही का? खूप कामाची आहे, विशेषतः घरातल्या बायकांच्या. मासळी मार्केट पालिकेचे. ओट्यावर पाणी आहे का, गटार तुंबते का, संध्याकाळी धुलाई होते का, बायकांसाठी शौचालय आहे का, हे सगळे तिथेच ठरते. सोपो किती घ्यायचा आणि तो ठेकेदार घेणार की पालिका स्वतः, हेही तिथेच. उमेदवाराला नेमके हेच विचारा: सोपोची पावती रोज मिळेल का? बाहेर गाडीवर मासळी विकणाऱ्यांबद्दल तुझे म्हणणे काय? यावर बहुतेकजण गुळमुळीत बोलतात, कारण मते दोन्हीकडे आहेत.

रस्त्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बायकांसाठी 2014 चा फेरीविक्रेता कायदा आहे. त्याखालच्या शहर समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश महिला. आपल्या शहरात ती समिती बसते का, हे उमेदवाराला माहीत असायला हवे.

दुसरा मुद्दा सांडपाण्याचा. नाल्यातून घाण खाडीत गेली की तिसऱ्या आणि कालवे कोण घेणार? हा प्रश्न थेट आपल्या पोटाचा.

आता माणसाची पार्श्वभूमी. 2021 ची पालिका निवडणूक पक्षाच्या चिन्हांवर झाली नव्हती, पॅनेले होती. त्यामुळे नुसत्या चिन्हावरून माणूस कळत नाही. उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र वाचा: खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण. शिक्षण कमी म्हणून कुणाला हिणवू नका, खटल्यांचा रकाना मात्र नीट बघा. आधी नगरसेवक असलेल्याचे तर काम सोपे: बैठकांचे इतिवृत्त माहिती हक्काखाली मागता येते. मार्केटवर तो पाच वर्षांत किती वेळा बोलला ते त्यात दिसते.

महिला राखीव वॉर्डात उमेदवार बाई असते आणि बोलतो नवरा. 2021 मध्ये महिलांच्या जागा एक तृतीयांशापेक्षा कमी ठेवल्या म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पाच पालिकांचे आरक्षण नव्याने करावे लागले. एवढे करून मिळालेली जागा आहे, तेव्हा प्रश्न त्या बाईलाच विचारा.

सोसायटी कुणाच्याही बाजूने नाही. उमेदवारांना कार्यालयात येऊन बोलायचे असेल तर सगळ्यांना सारखाच वेळ देऊ, पण दुपारी 3 नंतर, म्हणजे मार्केटातल्या बायकांनाही येता येईल.