एक बटण, एक कप : कॉफीच्या यंत्राची सोय किती, सोस किती?

पॉड टाका, बटण दाबा, मिनिटभरात वाफाळती कॉफी हातात! परदेशातल्या घरांतून रुळलेले हे यंत्र आता आपल्याकडच्या ओट्यावरही दिसू लागले आहे. पण ते विकत घेण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून थोडा हिशेब मांडलेला बरा.

सकाळचे साडेपाच. घरात सामसूम. पंचाहत्तरी ओलांडलेले आजोबा हलक्या पावलांनी स्वयंपाकघरात येतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातून दूध उतू जाऊन गॅस विझला होता. नशिबाने वेळीच लक्षात आले. तेव्हापासून सुनेने हात जोडून सांगितले आहे, ''बाबा, तुम्ही गॅसला हात लावू नका. मला उठवा.'' पण रात्री उशिरापर्यंत काम करून झोपलेल्या सुनेला एका कपासाठी उठवणे त्यांच्या जिवावर येते. मग घर जागे होईपर्यंत ते गॅलरीत नुसतेच बसून राहतात.

गेल्या दिवाळीत या घरात पॉडचे कॉफी मशीन आले. आता आजोबा अर्धा कप दूध मायक्रोवेव्हमध्ये गरम करतात, कप यंत्राखाली ठेवतात आणि बटण दाबतात. गॅस नाही, पातेले नाही, कुणाला उठवणे नाही. आजोबा खूश. आजी मात्र पहिल्याच महिन्याचे बिल पाहून म्हणाल्या, ''अगं, एका कपाला चाळीस रुपये? तेवढ्यात अर्धा लिटर दुधाची पिशवी येते!''

दोघांचेही खरे आहे. आणि या यंत्राची सारी गोष्ट या दोन वाक्यांतच आहे.

हे यंत्र आले कुठून?

स्वित्झर्लंडमधल्या नेस्ले कंपनीत एरिक फाव्र नावाचे एक अभियंता होते. इटालियन कॉफीहाउसमध्ये मिळते तशी एस्प्रेसो घरच्या घरी कशी करता येईल, हा ध्यास त्यांनी घेतला. १९७६ मध्ये या पद्धतीचे पेटंट घेण्यात आले आणि १९८६ मध्ये 'नेस्प्रेसो' बाजारात आली. तिकडे अमेरिकेत जॉन सिल्व्हन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९०च्या दशकात 'क्युरिग' कंपनी काढली. ऑफिसात मोठ्या भांड्यात तासन्‌तास तापत राहिलेली कडवट कॉफी प्यावी लागू नये, हा त्यांचा हेतू. १९९८ मध्ये त्यांची यंत्रे ऑफिसांत आली आणि २००४च्या सुमारास घरांत शिरली.

आत घडते ते असे. पॉड म्हणजे दळलेली कॉफी भरलेली हवाबंद डबी, कधी ॲल्युमिनियमची तर कधी प्लॅस्टिकची. दांडा दाबला की यंत्रातल्या सुया डबीला भोके पाडतात. पंप गरम पाणी जोराने आत ढकलतो आणि कॉफीचा अर्क खाली कपात उतरतो. युरोपीय धर्तीच्या पॉडमध्ये साधारण ५ ते ६ ग्रॅम कॉफी असते आणि सुमारे ४० मिलिलिटर दाट एस्प्रेसो मिळते. अमेरिकन पॉडमध्ये ९ ते १२ ग्रॅम कॉफी असते. त्यातून मोठा मग भरतो, पण कॉफी पातळ असते. एकाचा पॉड दुसऱ्याच्या यंत्रात बसत नाही, हे ध्यानात ठेवा. तो मुद्दा पुढे खिशाशी येऊन भिडतो.

आपल्याकडे नेस्प्रेसोचे पहिले दुकान २०२५ मध्ये दिल्लीत उघडले. काही देशी कंपन्याही चिकमंगळूर-कूर्गची कॉफी पॉडमध्ये भरून विकतात.

सोयीची बाजू

पहिला फायदा वेळेचा. यंत्र तापायला साधारण अर्धे मिनिट लागते, कॉफी उतरायला तेवढेच. सकाळी डबे भरण्याच्या गडबडीत हा मोठाच दिलासा.

दुसरा फायदा चवीच्या सातत्याचा. कॉफीचा दाणा एकदा दळला की हवा आणि दमटपणा लागून त्याचा वास उडू लागतो. पावसाळ्यात उघडलेल्या पुड्याचा गोळा होतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवाबंद पॉडमध्ये शेवटचा कपही पहिल्यासारखा लागतो.

तिसरा फायदा, ज्याची त्याची आवड. कुणाला कडक, कुणाला सौम्य, आजींना कॅफिन काढून टाकलेली. एका पातेल्यात हे जमत नाही.

चौथा फायदा आजोबांसारख्यांचा. हात थरथरणाऱ्या, विसरायला होणाऱ्या माणसाला दुसऱ्यावर अवलंबून न राहता स्वतःचा कप स्वतः करून घेता येणे ही लहान गोष्ट नाही. बहुतेक यंत्रे काही मिनिटांनी आपोआप बंद होतात. मात्र खरेदीपूर्वी एक विचार करा. हात स्थिर असेल तर आपोआप बंद होणारी विजेची किटली आणि इन्स्टंट कॉफी यांत हेच काम कितीतरी स्वस्तात होते. उकळते पाणी ओतणेच जिथे धोक्याचे आहे, तिथे यंत्राला खरा अर्थ आहे, कारण त्यात कॉफी थेट कपात उतरते.

आता आजींची वही

समजा, एक पॉड ४० रुपयांना पडला. नवरा-बायको दोघे, दिवसातून दोनदा, म्हणजे रोजचे ४ पॉड. महिन्याचे १२०. खर्च झाला ४,८०० रुपये, वर्षाचा ५७,६०० रुपये! यंत्राची किंमत वेगळी.

आता तेवढेच १२० कप फिल्टरच्या कॉफीचे करू. कपाला १० ग्रॅम पूड धरली तर महिन्याला १ किलो २०० ग्रॅम लागेल. किलोला ८०० रुपये भाव धरला तर ९६० रुपये. दूध-साखर दोन्हीकडे सारखीच. फरक महिन्याला जवळजवळ ३,८०० रुपयांचा.

आणखी एका बाजूने पाहा. ५ ग्रॅमला ४० रुपये, म्हणजे किलोला ८,००० रुपये! किराणा दुकानात कुणी या भावाने कॉफी घेईल का? डबीत विभागून आली की तोच भाव डोळ्यांआड होतो. तुमच्या गावात पॉड कितीला मिळतो ते विचारा आणि हाच हिशेब आपल्या आकड्यांनी करून पाहा.

हो, पण बाहेर कॉफीच्या दुकानात रोज जाऊन दोनशे-अडीचशे रुपये मोजणारे कुणी घरात असेल, तर त्याच्यासाठी हेच यंत्र काटकसरीचे ठरेल. तुलना कशाशी करता, यावर सगळे आहे.

दुधाचे पातेले सुटत नाही

आपली कॉफी दुधाची. यंत्रातून येते ती काळी, तीही जेमतेम अर्धी वाटी. म्हणजे दूध तापवणे आलेच आणि ते पातेले घासणेही आले. काही यंत्रांत दुधाच्या भुकटीचे वेगळे पॉड घालतात. तिथे एका कपाला दोन पॉड लागतात. पाण्याच्या टाकीत दूध ओतण्याचा प्रयोग मात्र चुकूनही करू नका. नळ्यांत दूध साचून यंत्र कायमचे बिघडेल.

पाहुण्यांचेही तसेच. हळदीकुंकवाला पंधरा बायका आल्या आणि प्रत्येकीचा कप एकेक मिनिटाने उतरू लागला, तर शेवटचा कप मिळेपर्यंत पहिलीची निघायची वेळ होईल. तिथे पातेल्याला तोड नाही.

डबीचे पुढे काय?

रोज ४ पॉड म्हणजे वर्षाला जवळजवळ दीड हजार रिकाम्या डब्या. आत ओला चोथा, बाहेर धातू किंवा प्लॅस्टिक. ओला कचरा की सुका, ठरवायचे कसे? जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने २०१६ मध्ये सरकारी पैशातून असे पॉड विकत घेण्यावर बंदी घातली. एवढेच नव्हे, क्युरिगचे जनक सिल्व्हन यांनीच २०१५ मध्ये एका अमेरिकन मासिकाच्या मुलाखतीत, हे आपण केले नसते तर बरे झाले असते असे कधी कधी वाटते, अशी कबुली दिली.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे. कॅनडातील क्युबेक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असे मांडले की, कपामागचा खरा भार डबीपेक्षा कॉफी पिकवण्याचा असतो. पॉडमध्ये कॉफी आणि पाणी मोजून लागते, तर घरी आपण जास्तीची करून ओतून देतो, त्यामुळे कधी कधी पॉडच कमी हानिकारक ठरतो. म्हणजे दोष डबीचा जितका, तितकाच सवयीचाही. हाताशी आहे म्हणून दोनाचे चार कप झाले, तर हा फायदा कुठल्या कुठे जाईल.

ॲल्युमिनियमचा पॉड असेल तर झाकण कापून चोथा कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये टाका, डबी धुऊन साठवा आणि एकदम भंगारात द्या. वापरलेले ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला, खनिजापासून नवे करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. प्लॅस्टिकवर फॉइल आणि आत कागद अशा पॉडचे सुटे भाग करणे मात्र किचकट असते.

घेणारच असाल तर…

* आधी पॉड, मग यंत्र. तुमच्या गावात कोणते पॉड सहज मिळतात ते पाहा. शक्यतो ज्यात दोन-तीन कंपन्यांचे पॉड चालतात असेच यंत्र घ्या. स्वस्तात मिळालेले यंत्र एकाच कंपनीच्या पॉडला बांधून घालते.

* अमेरिकेतल्या मुलाला किंवा भाच्याला यंत्र आणायला सांगू नका. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. एका घरी असे यंत्र हौसेने लावले आणि पहिल्याच बटणाला जळाले. साध्या पिनेने काम भागत नाही, वजनदार ट्रान्सफॉर्मर लागतो.

* ही यंत्रे साधारण १,२०० ते १,५०० वॅटची असतात. मिनिटभरच चालत असल्याने बिल फारसे वाढत नाही. पण ती मोठ्या पॉइंटवर लावा, घरच्या इन्व्हर्टरवर नको.

* बोअरचे जड पाणी वापराल तर आत क्षार साचतात. गाळलेले मऊ पाणी घाला आणि कंपनीने सांगितल्याप्रमाणे क्षार काढण्याचे द्रावण फिरवा.

* टाकीतले पाणी रोज बदला. वापरलेले पॉड साठतात तो कप्पाही रोज रिकामा करा. पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते.

* वयस्कर माणसासाठी घेत असाल तर त्यांनाच दुकानात घेऊन जा. दांडा दाबायला जड नाही ना, बटणे दिसतात ना, हे त्यांच्याच हाताने पाहू द्या.

* पुन्हा भरता येणारे स्टीलचे पॉडही मिळतात. त्यात खर्च वाचतो आणि कचराही. पण भरणे, दाबणे, धुणे आले. मग स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर काय वाईट? इटलीत १९३३ मध्ये जन्मलेला मोका पॉटही गॅसवर पाचेक मिनिटांत दाट कॉफी देतो आणि त्याला कसलाच पॉड लागत नाही.

शेवटी तोडगा निघाला

आजोबांच्या घरी मग काय झाले? यंत्र परत गेले नाही आणि महिन्याचे १२० पॉडही राहिले नाहीत. सुनेने सरळ वाटणी केली. पहाटेचा एक कप यंत्राचा, तो फक्त बाबांचा. महिन्याला ३० पॉड, १,२०० रुपये. दुपारी चारला मात्र फिल्टर उतरतो, पातेल्यात दूध तापते आणि सगळे एकत्र बसतात. रिकाम्या डब्या धुऊन बरणीत टाकण्याचे काम नातवाने अंगावर घेतले आहे.

आजी अजूनही चाळीस रुपयांवरून बोलतात. पण परवा आजोबांना सर्दी झाली, तेव्हा पहाटे त्यांनीच उठून बटण दाबले आणि कप त्यांच्या हातात नेऊन दिला. वर म्हणाल्या, ''घ्या, तुमची अर्धा लिटर दुधाची कॉफी!''